प्राणिसंग्रहालयातील कंत्राटी प्राणीरक्षक अस्वलाच्या हल्ल्यात जखमी: नुकसानभरपाई कोणाकडे आणि कशी मागावी?

कडुलिंब यांचा प्रश्न

नमस्कार. माझे मामा सहा वर्षांपासून एका महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयात ठेकेदारामार्फत प्राणीरक्षक म्हणून काम करत होते. फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी अस्वलाच्या हल्ल्यात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, दोन्ही मुळापासून गेले. अपघाताच्या वेळी त्यांचे वय ४० वर्षे पूर्ण होते आणि दरमहा १३,५०० रुपये पगार ठेकेदाराच्या खात्यातून त्यांच्या बँकेत जमा होत असे.

घडले ते असे. सकाळी सात वाजता अस्वलाला रात्रीच्या खोलीतून बाहेरच्या आवारात सोडायचे, कीपरच्या बोळातून साखळी ओढून मधले सरकते दार बंद करायचे, खिट्टी टाकून कुलूप लावायचे आणि मग खोली धुवायला आत जायचे, असा रोजचा क्रम होता. त्या दाराची खिट्टी गंजल्यामुळे दोन महिने पूर्ण बसत नव्हती. मामांनी मुकादमाला दोनदा तोंडी सांगितले होते आणि एकदा रोजच्या नोंदवहीत लिहिलेही होते. हे काम दोघांनी मिळून करायचे असते, पण रविवारच्या गर्दीमुळे त्यांच्या जोडीदाराला तिकीट खिडकीजवळच्या रांगेवर पाठवले होते. मामा खोलीत पाणी मारत असताना अस्वलाने पंजाने दार सरकवायला सुरुवात केली, मामांनी ते अंगाच्या जोराने परत लोटले आणि चौकट व दार यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत त्यांचा हात अस्वलाच्या तोंडात सापडला.

आता ठेकेदार दीड लाख रुपये देऊ करत आहे, पण त्यासाठी 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' असे मुद्रांकावर लिहून हवे आहे. कुलूप लावले नाही ही मामांचीच चूक आहे, त्यामुळे कायद्याने काहीच मिळणार नाही, असेही तो सांगतो. महानगरपालिकेतील अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, मामा त्यांच्या आस्थापनेवर नसल्यामुळे त्यांचा काही संबंध येत नाही. अपघातापासून मामा घरी आहेत. भाकरी मोडताना ती डाव्या हाताने ताटाशी दाबून धरावी लागते आणि किल्ली फिरवता येत नाही म्हणून घराचे कुलूप मामी लावते. त्यांना स्वतःला मनातून वाटते की चूक आपली होती, त्यामुळे मागायला त्यांना संकोच वाटतो. सोळा महिने होऊन गेले आहेत. दावा करता येईल का, कोणावर करावा, आणि दीड लाख घ्यावेत का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

तळटीप यांचे उत्तर

मी कामगारांच्या बाजूने दावे चालवणारा वकील आहे. सर्वांत आधी एकच विनंती करतो: त्या मुद्रांकावर मामांची सही किंवा अंगठा अजिबात होऊ देऊ नका. बाकीचे क्रमाने सांगतो.

आपल्या मामांना लागू होणारा कायदा म्हणजे कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणत्या कामावरची माणसे या कायद्याखाली येतात याची यादी आहे, आणि हत्ती किंवा वन्य प्राण्यांना शिकवणे, सांभाळणे किंवा त्यांच्याकडून काम करवून घेणे हा प्रकार त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. सापांचे विष काढणारे, सापांची निगा राखणारे, घोडे, खेचरे आणि बैल हाताळणारे हेही त्याच यादीत आहेत. त्यामुळे प्राणिसंग्रहालय हा काही कारखाना नव्हे, अशी हरकत कोणी घेतली तर तिला थारा मिळणार नाही.

आता 'चूक तुमचीच' या मुद्द्याकडे येतो, कारण बहुतेक कामगार इथेच खचतात. या कायद्यात भरपाई मिळण्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही आणि कामगाराच्या साध्या हलगर्जीने ती बुडतही नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरेसे असते. मालकाला सुटका मिळते ती मोजक्या कारणांनी: कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली असणे, सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट आदेश किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडणे, किंवा सुरक्षिततेचे साधन त्याने मुद्दाम काढून टाकणे. गंजलेली खिट्टी बसत नसल्याने कुलूप लागले नाही, याला जाणूनबुजून नियम मोडणे म्हणता येणार नाही, आणि ती खिट्टी नादुरुस्त असल्याचे मामांनी स्वतः लिहून ठेवले असेल तर उलट मालकच अडचणीत येतो. मामांना माझ्या वतीने एवढे अवश्य सांगा की, ज्याला दोन माणसांचे काम एकट्याने करायला लावले, त्याने कायद्यापुढे मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

दावा कोणावर, याचे उत्तर कलम १२ मध्ये आहे. मूळ मालकाने आपल्या नेहमीच्या कामाचा भाग ठेकेदाराकडून करवून घेतला आणि मूळ मालकाच्या ताब्यातील जागेत अपघात झाला, तर ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडून थेट भरपाई मागता येते. मूळ मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. प्राणिसंग्रहालय चालवणे हा महानगरपालिकेचा धंदा नाही, असा बचाव अशा वेळी घेतला जातो, पण तो टिकू नये म्हणून कायदा करणाऱ्यांनी कलम २ च्या दुसऱ्या पोटकलमात आधीच तरतूद करून ठेवली आहे: स्थानिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये पार पाडणे हा या कायद्यापुरता त्याचा व्यवसायच मानला जातो. म्हणून अर्जात महानगरपालिका आणि ठेकेदार या दोघांनाही प्रतिवादी करा, आणि ठेकेदाराने विमा उतरवला असेल तर विमा कंपनीलाही करा.

रकमेचा हिशेब असा आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे, म्हणजे मामांचे १३,५०० पूर्णच धरले जातील. त्याचे ६० टक्के ८,१०० रुपये, आणि ४० वर्षांसाठीचा गुणक १८४.१७; गुणाकार १४,९१,७७७ रुपये होतो. अंशतः अपंगत्वात पहिल्या अनुसूचीतील टक्केवारी लावली जाते. त्यात अंगठा गेल्यास ३० टक्के आणि अंगठ्याशेजारचे बोट पूर्ण गेल्यास १४ टक्के कमाईची क्षमता गेली असे धरले आहे, आणि एकाच अपघातातील इजांच्या टक्केवारीची बेरीज होते. तेव्हा ४४ टक्क्यांप्रमाणे किमान ६,५६,३८२ रुपये होतात. भरपाई वेळेत न दिल्यास सरळव्याजाने दरसाल १२ टक्के मिळतात. आजवरच्या सोळा महिन्यांचे व्याजच १ लाख ५ हजारांच्या घरात गेले आहे. समाधानकारक कारण नसताना रक्कम अडवून धरली असे आयुक्तांना (म्हणजे महानगरपालिकेचे आयुक्त नव्हे, तर या कायद्याखालचे दावे ऐकून निकाल देणारे अधिकारी) वाटले, तर ते मालकाला बाजू मांडण्याची संधी देऊन मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतात, आणि तो दंडही कामगारालाच मिळतो. याशिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्च परत मिळतो. जखम भरेपर्यंत जे महिने कामाविना गेले, त्यांच्यासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत ३,३७५ रुपये, देणे होते. दीड लाखांचा प्रस्ताव या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

मी ४४ टक्क्यांवर थांबणार नाही. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या, १९७६ सालच्या निकालपत्रांत छापलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींपुढे एका सुताराचा प्रश्न होता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, हा आयुक्तांचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला. ज्याला साखळी ओढता येत नाही, कुलूप फिरवता येत नाही, बादली धरता येत नाही, तो प्राणीरक्षकाचे काम करू शकतो का, हा प्रश्न आपण वैद्यकीय तज्ज्ञाच्या साक्षीतून आयुक्तांपुढे मांडलाच पाहिजे. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, आयुक्तांच्या आदेशाच्या दिवशी नव्हे.

याच कारणाने आपण दुसऱ्या एका गोष्टीने गोंधळू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला आहे. परंतु मामांचा अपघात त्याआधीचा असल्यामुळे त्यांचा हक्क जुन्या कायद्याखाली तेव्हाच जन्माला आलेला आहे. अर्ज करण्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे असते, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी २०२७ पर्यंत वेळ आहे, तरी तेवढी वाट पाहू नका. मुदत उलटल्यावरही सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ज्यांना मुदतीत येणे शक्य आहे त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. मामांच्या पगारपत्रकात कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, कपात दिसते का? ते त्या योजनेत विमाधारक असतील तर १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही आणि लाभ महामंडळाकडून घ्यावा लागतो. तिथे कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी भरपाईऐवजी सहसा दरमहा आयुष्यभर रक्कम मिळते. कामावरच्या इजेच्या लाभासाठी किती महिने हप्ता भरला अशी अट तिथे नाही.

गोदाकाठ यांचे उत्तर

कडुलिंब, आपला प्रश्न वाचून चार वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. माझे पती एका थंड हवेच्या ठिकाणाजवळच्या खासगी घोडेसवारी केंद्रात घोडे सांभाळायला होते. नाल ठोकताना घोड्याने लाथ मारली आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यांच्याकडे नेमणुकीचे पत्र नव्हते, पगार रोख मिळत असे, हजेरी एका वहीत लागत असे आणि ती वही अपघातानंतर कोणालाच सापडली नाही.

मला आपल्याला एका कागदाबद्दल सांगायचे आहे. त्यांना दवाखान्यात केंद्राच्या व्यवस्थापकाने नेले आणि केसपेपरवर इजा कशी झाली या रकान्यात त्याने सांगितल्याप्रमाणे 'घरी पायरीवरून पडून' असे लिहिले गेले. आम्ही तेव्हा ऑपरेशनच्या काळजीत होतो, ती ओळ कोणी वाचलीसुद्धा नाही. आठ महिन्यांनी दावा लावला तेव्हा समोरच्या वकिलांनी तो एकच कागद पुढे केला आणि आमचे सगळे बोलणे खोटे ठरवायला निघाले. आम्हाला वाचवले ते दुसऱ्या कागदाने. मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर तिथल्या निवासी डॉक्टरांनी माझ्या पतींना स्वतः विचारून 'घोड्याची लाथ' असे लिहिले होते आणि जखमेचे वर्णन करताना नालेच्या आकाराचा काळानिळा वळ असल्याची नोंद केली होती. घरच्या पायरीवर असा वळ उमटत नाही, हे आयुक्तांना पटले.

म्हणून आपण आजच्या आज मामांचे सगळे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि पोलिसांकडे गेलेली एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद मिळवा, आणि त्यात अस्वलाचा उल्लेख आहे की नाही ते पाहा. रेबीजची लस दिल्याचे कार्ड असेल तर तेही जपून ठेवा, कारण ती लस सहसा प्राण्याने चावा घेतल्यावर किंवा ओरबाडल्यावर देतात. नोकरीचा पुरावा म्हणून आम्ही काय काय जोडले होते तेही सांगते: केंद्राच्या नावाचा शर्ट घालून पर्यटकांसोबत काढलेले दोन फोटो, 'उद्या लवकर ये' असे व्यवस्थापकाचे फोनवरचे संदेश, आणि खाद्य पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याची साक्ष. आपल्याकडे तर बँकेचे पासबुक आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

आमचा निकाल लागायला दोन वर्षे आणि काही महिने लागले. तीन महिन्यांत अर्ज निकाली काढावा असे कायद्यात लिहिलेले आहे, हे मला वकिलांनी सांगितले होते, पण प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि त्या काळात घर कसे चालवायचे याची तयारी मनाने आधीच करावी लागते. त्या दिवसांत मी शिवणकाम वाढवले. अर्ज मात्र आपण राहता त्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही करता येतो, अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, एवढा दिलासा आहे.

जुना_कीपर यांचे उत्तर

मी २७ वर्षे प्राणिसंग्रहालयात काढली, त्यातली शेवटची ११ वर्षे मुख्य कीपर म्हणून. कायद्याचे वर तळटीप यांनी सांगितले आहेच, मी फक्त कागद कुठे असतात ते सांगतो.

प्राणिसंग्रहालय मनात आले म्हणून कोणी चालवू शकत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेशिवाय एकही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेच्या अटी प्राणिसंग्रहालय मान्यता नियम, २००९ मध्ये आहेत. या मान्यतेमुळे तिथे कागद तयार होत राहतात. कीपर रोज जो अहवाल देतो त्यात प्राण्याने खाल्ले का, विष्ठा कशी होती, पिंजऱ्यात काही मोडतोड आहे का, हे सगळे येते. मामांनी खिट्टीबद्दल जे लिहिले ते त्याच वहीत असणार. पशुवैद्यकांची वेगळी नोंदवही असते, आणि हल्ल्यानंतर त्या अस्वलाला तपासले असेल तर ती नोंद तारखेसह तिथे असेल. दुरुस्तीसाठी अभियांत्रिकी विभागाला पाठवलेले पत्र असेल तर त्यावर जावक क्रमांक असतो.

महानगरपालिका ही सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कात हे सगळे मागता येते. अर्जात मोघम 'अपघाताची माहिती द्यावी' असे लिहू नका, तसे लिहिले की उत्तरही मोघम येते. अपघाताच्या आधीच्या तीन महिन्यांचे अस्वल विभागाचे दैनंदिन अहवाल, त्या रविवारचा हजेरीपट आणि कोणाला कुठे नेमले त्याचा आदेश, त्या दाराच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार, अपघातानंतर वरिष्ठांना पाठवलेला अहवाल, आणि ठेकेदाराशी झालेल्या करारनाम्याची सर्व जोडपत्रांसह प्रत, असे नाव घेऊन मागा. करारनामा विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात ठेकेदाराने कामगारांचा विमा उतरवावा अशी अट बहुधा असते आणि ती पाळली गेली की नाही हे कोणीच पाहिलेले नसते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. दार लोटून धरणे ही मामांची चूक नव्हती. आत पाणी मारताना मागे अस्वल आले तर माणसाला दोनच गोष्टी सुचतात, पळणे किंवा दार धरणे. मामा पळाले असते आणि बोळाचे दार उघडे राहिले असते, तर रविवारच्या गर्दीत मोकळे अस्वल गेले असते. अस्वल वाघासारखे अंतर राखून राहत नाही. दचकले की ते सरळ अंगावर येते आणि त्याचा पंजा व जबडा नेमका समोरच्या माणसाच्या हातावर आणि तोंडावर पडतो. मी अशा दोन जखमा प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. म्हणूनच ती खोली धुताना एकाने साखळीपाशी उभे राहायचे आणि दुसऱ्याने आत जायचे, हा आमच्याकडे न मोडायचा नियम होता. हा नियम कोणाच्या आदेशाने मोडला गेला, तो आदेश देणाऱ्याचे नाव त्या दिवशीच्या नेमणुकीच्या कागदावर असेल.

आणखी एक, जरी आपल्या मामांशी थेट संबंध नसला तरी इथे वाचणाऱ्या इतर कीपरांसाठी. इजा म्हणजे फक्त चावा नव्हे. प्राणी हाताळण्याच्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोगही या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अपघाती इजेच्या बरोबरीचा धरला जातो. आमच्यातल्या एकाला ताप महिनोन्महिने येत-जात राहिला, शेवटी ब्रुसेलोसिसचे, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या एका संसर्गाचे, निदान झाले, आणि हे कामावरून झाले असे म्हणता येते हे त्याला निवृत्तीनंतर कळले.

पाऊलवाट यांचे उत्तर

वरच्या तिघांबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा विचार मांडतो. खटला दोन-अडीच वर्षे चालणार, वकिलांची फी द्यावी लागणार, वर अपिलाची टांगती तलवार राहणार. घरात कमावते कोणी नसेल तर हातात येणारे दीड लाख आज घेणे शहाणपणाचे नाही का? शिवाय वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना वन विभाग अर्थसाहाय्य देतो, ते वेगळे मिळू शकेल.

तळटीप यांचे उत्तर

पाऊलवाट, आपली काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय तो मुद्रांक नव्हे. कलम १७ नुसार कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा किंवा कमी करण्याचा कोणताही करार निरर्थक ठरतो. तडजोड करायचीच असेल तर तिचे ज्ञापन आयुक्तांकडे नोंदवावे लागते, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने अथवा फसवणुकीने ठरली आहे असे दिसल्यास आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न करता दिलेल्या पैशांबाबत कलम २९ मध्ये मालकाला चांगलाच धाक आहे: त्याची पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते आणि आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही तर दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक त्याला वजाही करता येत नाही. मग सही केली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. बिघडते ते असे की, सही झाल्यावर कामगारालाच वाटू लागते की आता आपला हक्क संपला, आणि तो आयुक्तांकडे कधी जातच नाही. ठेकेदाराला तेवढेच हवे असते.

ठेकेदाराला आज पैसे द्यायचेच असतील तर त्यालाही रस्ता आहे. जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम मालकाने तात्पुरती लगेच द्यावी किंवा आयुक्तांकडे जमा करावी, असे कलम ४अ सांगते, आणि ती स्वीकारल्याने उरलेल्या रकमेचा कामगाराचा हक्क जात नाही. तसे पत्र ठेकेदाराला पाठवा. तो खरोखर मदत करू इच्छित असेल तर नाही म्हणणार नाही.

वकिलाच्या फीबद्दल: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मामांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या. ते प्रमाणपत्र दाव्यातही उपयोगी पडेल, मात्र त्यावरची टक्केवारी शरीराच्या अपंगत्वाची असते आणि आयुक्त ठरवतात ती कमाईच्या क्षमतेची, हा फरक साक्षीच्या वेळी डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावा लागतो. अपिलाचे म्हणाल तर मालकाला उच्च न्यायालयात जाण्याआधी आदेशाची रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते आणि अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते, त्यामुळे ते जेवढे वाटते तेवढे सोपे नाही.

वन विभागाचे अर्थसाहाय्य मोकळ्या रानातल्या वन्यप्राण्यांच्या हल्ल्यासाठी आहे. पिंजऱ्यातील प्राण्याने कामावरच्या माणसाला इजा केली तर तिथे मालकाची जबाबदारी येते, त्या योजनेत धावपळ करून आपले महिने वाया जाऊ देऊ नका.

शेवटी दिवाणी दाव्याबद्दल, कारण कोणीतरी तोही सुचवेल. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात याहून मोठी रक्कम मागता येते, पण दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. आयुक्तांकडे अर्ज केला की त्याच इजेसाठी दिवाणी दावा चालत नाही. दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागेल आणि वेळही बराच अधिक जाईल. मी आपल्या जागी असतो तर आयुक्तांकडेच गेलो असतो. महाराष्ट्रात हे काम सहसा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पाहतात.

कडुलिंब यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ मी मामांकडे बसून ही उत्तरे त्यांना वाचून दाखवली. जुना_कीपर यांनी दार धरण्याबद्दल जे लिहिले ते त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आतून एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात सहा वर्षांचे गेटपास, पासबुक आणि रेबीजच्या लशीचे कार्ड एका रबराने बांधून ठेवलेले होते. डिस्चार्ज कार्डावर 'अस्वलाचा चावा, कामाच्या ठिकाणी' असे स्पष्ट लिहिलेले आहे. पगारपत्रके त्यांना कधी मिळालीच नाहीत, त्यामुळे ईएसआयची कपात होती का ते कळत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मी आज लिहून काढला आहे. फक्त एक शंका राहते. ठेकेदाराने परवा निरोप पाठवला की, मामांनी त्याच्या डॉक्टरांकडे तपासणीला यावे. जावे का?

तळटीप यांचे उत्तर

जावे. मालकाने स्वखर्चाने तपासणी करून देऊ केली आणि कामगाराने ती नाकारली, तर तो तपासणीला तयार होईपर्यंत त्याचा भरपाईचा हक्क स्थगित राहतो, म्हणून नकार देऊ नका. सोबत आपण जा, आपल्या डॉक्टरांचे कागद दाखवा पण मूळ प्रती हातातून सोडू नका, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत लेखी मागा. तिथे पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचायचा, हे मामांना आधीच सांगून ठेवा.

ईएसआयचे उत्तर महामंडळाच्या जवळच्या शाखेत मामांचे नाव आणि आधार क्रमांक देऊन मिळेल. नोंद सापडली तर अपघाताचा अहवाल ठेकेदाराने महामंडळाला पाठवला होता का, ते त्याच खिडकीवर विचारा. नोंद नसेल तर तसे लेखी घ्या आणि अर्जाला जोडा, म्हणजे पहिल्याच तारखेला त्या मुद्द्यावर वेळ जाणार नाही.